किलोमागे किती वॉट-तास?

३१ डिसेंबर १८९५ रोजी अमेरिकेच्या पेटंट कार्यालयानं ओहायो राज्यातल्या कँटन गावच्या ऑग्डेन बोल्टन यांना विजेवर चालणाऱ्या सायकलीचं पेटंट दिलं. पेटंटासोबतचं चित्र आज पाहिलं तर ते सव्वाशे वर्षांपूर्वीचं आहे यावर चटकन विश्वास बसत नाही. फ्रेमच्या त्रिकोणात, आडव्या दांडीखाली, बॅटरीची पेटी टांगलेली आहे आणि मोटर थेट मागच्या चाकाच्या हबमध्ये बसवलेली आहे. आज बाजारात मिळणाऱ्या स्वस्तातल्या ई-सायकलींची मांडणी याहून फारशी वेगळी नसते. १० व्होल्टच्या बॅटरीतून ही मोटर १०० अँपिअरपर्यंत प्रवाह ओढू शकेल, असंही बोल्टन यांनी नमूद केलं होतं. गुणाकार केला तर १००० वॉट होतात, म्हणजे सव्वा अश्वशक्तीहून थोडं जास्त. युरोपात आणि भारतात परवाना-नोंदणीच्या कटकटीविना चालवता येणाऱ्या ई-सायकलीला कायदा जेवढी ताकद देतो, त्याच्या चौपट.

म्हणजे मोटर तयार होती, सायकल तयार होती, दोन्ही कुठं बसवायचं हेही ठरलं होतं. तरीही रस्त्यावर खपणारी विजेची सायकल यायला पुढची जवळजवळ शंभर वर्षं जावी लागली. हा उशीर मोटरमुळे झाला नाही. तो त्या त्रिकोणात टांगलेल्या पेटीमुळे झाला.

त्या काळी पुन्हा पुन्हा भारता येणारी आणि बाजारात सहज मिळणारी बॅटरी म्हणजे शिशाची. गास्ताँ प्लान्ते या फ्रेंच माणसानं ती १८५९ मध्ये बनवली, कामी फोर यानं १८८१ च्या सुमारास तिची क्षमता वाढवली, आणि त्याच वर्षी गुस्ताव त्रूवेनं पॅरिसच्या रस्त्यावर विजेची तीनचाकी चालवूनही दाखवली. पण शिसं ते शिसंच. घरच्या इन्व्हर्टरची बॅटरी सरकवताना ज्यांची कंबर धरली आहे, त्यांना हे वेगळं सांगायला नको. इतकी वर्षं घासूनपुसूनही शिशाची बॅटरी किलोमागे ३० ते ४० वॉट-तासांच्या पलीकडे गेलेली नाही. बोल्टनची मोटर पूर्ण जोरात तासभर चालवायची तर आजच्या शिशाच्या बॅटरीचेही किमान २५ ते ३० किलो लागतील. १८९५ मधली बॅटरी याहूनही जड पडली असती.

वॉट-तास हे एकक या लेखात सतत येणार आहे, म्हणून त्याचा हिशेब इथेच उरकतो. २५० वॉटची मोटर दोन तास पूर्ण ताकदीनं चालली की ५०० वॉट-तास खर्च होतात. पायडल मारत चालवलेली ई-सायकल सपाट शहरात किलोमीटरमागे साधारण १० वॉट-तास खाते. चढ, वारा, सामान आणि चालवणाऱ्याचा आळस यांप्रमाणे कमी-जास्त. बॅटरीत एकूण किती वॉट-तास आहेत ही तिची क्षमता. ते एका किलोत किंवा एका लिटरमध्ये किती मावतात, ही तिची ऊर्जाघनता. किलोचा आकडा पाय आणि हात ठरवतात, लिटरचा आकडा फ्रेमची नळी ठरवते.

आणि समोर उभं होतं पेट्रोल. एका किलो पेट्रोलमध्ये १२,००० वॉट-तासांहून जास्त ऊर्जा असते. छोटं इंजिन त्यातला तीन-चतुर्थांश भाग उष्णतेत घालवतं असं धरलं, तरी उरलेले ३,००० वॉट-तास शिशाला कधीच गाठता येण्यासारखे नव्हते. विसाव्या शतकात मोपेड आली, स्कूटर आली, लुना आली, आणि विजेची सायकल पेटंटांच्या फायलींत पडून राहिली. यात कुणाचा कट नव्हता. हिशेबच तसा होता.

हा हिशेब पहिल्यांदा चतुराईनं वाकवला तो जपानच्या यामाहानं. नोव्हेंबर १९९३ मध्ये कंपनीनं पास नावाची सायकल मोजक्या प्रांतांत प्रायोगिक विक्रीला आणली आणि पुढच्या वर्षी देशभर. बॅटरी शिशाचीच होती, २४ व्होल्ट आणि ७ अँपिअर-तासांची. म्हणजे फक्त १६८ वॉट-तास. सायकलीचं वजन ३१ किलो. कागदावर पाहिलं तर बोल्टनच्या स्वप्नापेक्षा ही कितीतरी दुबळी. पण यामाहाच्या अभियंत्यांनी बॅटरीकडून जास्त काढण्याचा नाद सोडून दिला आणि तिच्याकडून कमी मागायचं ठरवलं. पायडलवर पडणारा जोर सेन्सरनं मोजायचा आणि मोटरनं तेवढीच साथ द्यायची; वेग वाढला की साथ कमी करत न्यायची. मुलाला मागे बसवून चढावरच्या बालवाडीत सोडणाऱ्या जपानी आईला एवढं पुरेसं होतं. माझ्या मते विजेच्या सायकलीच्या साऱ्या इतिहासात हीच सर्वांत शहाणपणाची कल्पना आहे, आणि बॅटऱ्या मोठ्या होत गेल्या तसतशी ती मागे पडत गेली.

पुढच्या दहा वर्षांत निकेल-कॅडमियम आणि मग निकेल-मेटल हायड्राइड अशा दोन पिढ्या येऊन गेल्या. वजन थोडं कमी झालं, बाकी फार लिहिण्यासारखं नाही. २००४ च्या सुमारास यामाहाच्या सायकलीत लिथियम-आयन बॅटरी आली. ती सायकलीसाठी कुणी शोधून काढलेली नव्हती. तिची गोष्ट तीस वर्षं आधी एका तेल कंपनीत सुरू झाली होती.

१९७३ च्या अरब-इस्रायल युद्धानंतर तेलाच्या किमती भडकल्या आणि तेल विकणाऱ्यांनाच तेल संपल्यावर काय, हा प्रश्न पडला. एक्सॉन या अमेरिकी तेल कंपनीच्या प्रयोगशाळेत स्टॅन्ली व्हिटिंगहॅम या ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञानं टायटॅनियम डायसल्फाइडच्या थरांमध्ये लिथियमचे आयन शिरतात आणि बाहेरही येतात, हे ओळखून सुमारे २ व्होल्टची बॅटरी बनवली. लिथियम हा सर्वांत हलका धातू, आणि इलेक्ट्रॉन सोडून द्यायला सदैव उतावीळ. बॅटरीला आणखी काय हवं? पण हाच उतावीळपणा घातकही होता. वारंवार चार्ज केलं की ऋणाग्रावर लिथियमचे सुईसारखे काटे वाढत, ते पलीकडच्या टोकाला टेकले की शॉर्ट सर्किट आणि आग. पुढे तेल स्वस्त झालं आणि एक्सॉननं हा उद्योग गुंडाळला.

१९८० मध्ये ऑक्सफर्डला जॉन गुडइनफ आणि त्यांचे सहकारी यांनी सल्फाइडऐवजी ऑक्साइड वापरून पाहिलं. लिथियम कोबाल्ट ऑक्साइडचं धनाग्र वापरताच व्होल्टेज थेट ४ वर गेलं. प्रवाह तोच आणि व्होल्टेज दुप्पट, म्हणजे ऊर्जाही दुप्पट. विद्यापीठानं याचं पेटंट घेण्यात रस दाखवला नाही, हे आज वाचताना चुटपुट लागते. जपानमध्ये असाही कासेई कंपनीच्या अकिरा योशिनो यांनी गुडइनफांचं धनाग्र घेतलं आणि ऋणाग्रातून धातुरूप लिथियम काढूनच टाकलं. तिथं कार्बन बसवला, ज्याच्या थरांत लिथियमचे आयन मुक्कामाला येतील आणि परत जातील, पण धातू म्हणून साचणार नाहीत. १९८५ मध्ये हा सांगाडा तयार झाला. पुढच्या वर्षी योशिनोंनी स्फोटकांच्या चाचणीसाठी राखलेल्या जागी जाऊन आपल्या बॅटरीवर लोखंडाचा गोळा टाकला. धातुरूप लिथियमची बॅटरी त्याच आघातानं पेटली. यांची पेटली नाही. लिथियम-आयन बॅटरीचा जन्म आपण तो क्षण मानतो, असं योशिनो पुढे सांगत आले.

त्यांची खबरदारी अनाठायी नव्हती हे तीनच वर्षांत कळलं. कॅनडातली मोली एनर्जी ही कंपनी धातुरूप लिथियमचे सेल बाजारात विकू लागली होती आणि ऊर्जाघनतेत ती सगळ्यांच्या पुढे होती. १९८९ मध्ये जपानमध्ये त्या सेलवर चालणारे मोबाइल फोन पेटले, माल परत बोलवावा लागला आणि कंपनी बुडीत निघाली. १९९१ मध्ये सोनीनं योशिनोंच्या मार्गानं जाणारे पहिले लिथियम-आयन सेल विक्रीला आणले. त्यांची घनता किलोमागे जेमतेम ८० वॉट-तास होती. शिशाच्या दुप्पट, पण आजच्या मानानं तिसरा हिस्सासुद्धा नाही.

या कथेत भारतीय नावं शेवटच्या पानांवर नाहीत, अगदी मधोमध आहेत. गुडइनफ पुढे अमेरिकेत टेक्सास विद्यापीठात गेले. तिथं १९९७ मध्ये अक्षय पाढी आणि के. एस. नंजुंडस्वामी यांच्याबरोबर त्यांनी लोह-फॉस्फेटच्या धनाग्रावरचा निबंध प्रसिद्ध केला. आज ज्याला बाजार एलएफपी म्हणतो ते हेच. कोबाल्टपेक्षा स्वस्त, उष्णतेला जास्त तोंड देणारं, पण वजनाला जड. गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांना २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं तेव्हा गुडइनफ ९७ वर्षांचे होते. स्टॉकहोममधलं त्यांचं नोबेल व्याख्यान त्यांच्या वतीनं दिलं ते तमिळनाडूतून गेलेल्या अरुमुगम मंथिराम यांनी.

आता आकाराकडे वळू, कारण ई-सायकलच्या बॅटरीचं नशीब रसायनाइतकंच एका पत्र्याच्या डबीनं ठरवलं. १८६५० हा आकडा बॅटरी खोलून दुरुस्त करणाऱ्या पोरांच्या तोंडी असतो. १८ मिलिमीटर व्यास, ६५ मिलिमीटर लांबी आणि शेवटचं शून्य म्हणजे नळकांड्याचा आकार. आधी व्हिडिओ कॅमेऱ्यांत आणि मग जगभरच्या लॅपटॉपांत हाच सेल गेला. मापाचा करार झाल्यासारखा झाला. त्यामुळे डबीचं माप न बदलता आतला माल सुधारत राहायचं, अशी जपान आणि कोरियाच्या कारखान्यांमध्ये चढाओढ लागली.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला या डबीत १ ते १.२ अँपिअर-तास मावत. नव्या शतकाच्या पहिल्या काही वर्षांत २.२ मावू लागले. डिसेंबर २००९ मध्ये पॅनासॉनिकनं २.९ चा सेल मोठ्या प्रमाणावर बनवायला घेतला, पुढच्या वर्षी ३.१ आणि त्यानंतर दोन-तीन वर्षांत ३.४. डबी तीच, वजन पन्नास ग्रॅमच्या आत, आणि घनता किलोमागे २५० वॉट-तासांच्या वर. सोनीच्या पहिल्या सेलपासून मोजलं तर वीस वर्षांत तिप्पट, म्हणजे वर्षाला सरासरी पाच-सहा टक्के. मोबाइलमधल्या चिपांची सवय झालेल्यांना हा वेग गोगलगायीचा वाटेल. पण चिपवरचं सर्किट बारीक करता येतं. लिथियमचा आयन बारीक करता येत नाही.

या चढाओढीचा खर्च लॅपटॉप घेणाऱ्यांनी भरला आणि धोकाही त्यांनीच सोसला. ऑगस्ट २००६ मध्ये डेलनं सोनीचे सेल असलेल्या ४१ लाख लॅपटॉप बॅटऱ्या परत बोलावल्या, कारण सेल बनवताना आत राहिलेल्या धातूच्या सूक्ष्म कणांमुळे काही बॅटऱ्या पेटल्या होत्या. दोन वर्षांनी टेस्लाची पहिली मोटार आली ती असेच ६,८३१ सेल एकत्र बांधून. ई-सायकलनं तर सरळ आयत्या पिठावर रेघोट्या ओढल्या. दहा सेल एकापाठोपाठ जोडले की ३६ व्होल्ट. अशा चार रांगा समांतर जोडल्या की चाळीस सेलांचा पॅक. धंद्यातली माणसं याला टेन-एस-फोर-पी म्हणतात. जर्मनीच्या बॉशनं २०११ मध्ये ई-सायकलच्या बाजारात जी पहिली बॅटरी आणली ती २८८ वॉट-तासांची होती. पुढे ४०० ची आली आणि २०१५ मध्ये ५०० ची घोषणा झाली. ४०० आणि ५०० च्या पेट्या बाहेरून सारख्याच होत्या. ४०० ची अडीच किलो, ५०० ची साधारण २.६ किलो. आतले सेल तेवढे जास्त भरलेले. किलोमागे १६० वरून १९२ वॉट-तास: रसायनानं कमावून दिलेली, निखळ सुधारणा.

आणि तिथंच रसायन दमलं. १८६५० मध्ये ३.५ अँपिअर-तासांच्या पलीकडे जाणं दिवसेंदिवस कठीण होत गेलं. ग्राहकाला मात्र दरवर्षी मोठा आकडा हवा होता, आणि बॅटरी दिसायलाही नको होती. डोंगरात सायकली पळवणाऱ्यांना फ्रेमच्या खालच्या तिरक्या नळीला बाहेरून चिकटवलेली पेटी कुरूप वाटू लागली होती. २०१७ मध्ये बॉशनं ती नळीच्या आत दडवली. दिसायला छान, पण लांबट साच्यामुळे त्याच ५०० वॉट-तासांचं वजन उलट थोडं वाढलं. २०१९ मध्ये ६२५ आली, साधारण साडेतीन किलोची. २०२१ मध्ये ७५० आली, ४.३ किलोची. भागाकार करून पाहा: ६२५ ला साडेतीननं भागलं तर १७९, ७५० ला ४.३ नं भागलं तर १७४. म्हणजे २०१५ च्या बॅटरीपेक्षा २०२१ ची बॅटरी किलोमागे कमी ऊर्जा देत होती. जाहिरातीत ही गोष्ट कशाला येईल? क्षमता वाढली ती पेटीत आणखी एक-दोन रांगा कोंबल्यामुळे. पुढे गेलो असं जे वाटत होतं ते प्रत्यक्षात फक्त लांब होणं होतं.

मग आला २१७०० चा सेल. व्यास २१, लांबी ७० मिलिमीटर. जानेवारी २०१७ मध्ये टेस्ला आणि पॅनासॉनिक यांनी अमेरिकेत नेवाडातल्या कारखान्यात या आकाराचं उत्पादन सुरू केलं आणि पुढच्या काही वर्षांत तो ई-सायकलीत उतरला. १८६५० मध्ये ३.५ मावत होते, यात ५ मावतात, हे ऐकून हुरळून जाणारे पुष्कळ भेटतात. पण माप काढा. १८६५० चं आकारमान सुमारे १६.५ घन सेंटिमीटर, २१७०० चं सुमारे २४.२. जवळजवळ ४७ टक्के जास्त. ३.५ मध्ये ४७ टक्के मिळवले की पाचच्या थोडं वर येतात. म्हणजे जेवढा डबा मोठा झाला तेवढाच माल वाढला. दोन्ही सेलांची घनता लिटरमागे ७५० आणि किलोमागे २६० वॉट-तासांच्या आसपासच. सेलपुरतं बोलायचं तर चमत्कार कुठेच झाला नाही.

तरीही २१७०० नं पॅक सुधारला, कारण पॅक म्हणजे नुसते सेल नव्हेत. ७०० वॉट-तासांसाठी १८६५० चे छप्पन्न-साठ सेल लागत. २१७०० चे चाळीसात भागतं. सेल कमी, म्हणजे निकेलच्या पट्ट्या कमी, स्पॉट वेल्डिंगचे टाके कमी, सेल धरून ठेवणाऱ्या प्लास्टिकच्या जाळ्या कमी. सेलांच्या चार्जिंगवर नजर ठेवणारा बीएमएसचा बोर्ड, वायरिंग, पाणी आत न जाऊ देणारं रबर आणि अॅल्युमिनियमची पेटी हे सगळं वजन एक वॉट-तासही न देता किलोच्या हिशेबात बसतं. किलोमागे २६० चे सेल पेटीत गेले की दोनशेच्या आसपास येतात ते यामुळेच. शिवाय सेल गोल. डब्यात लाडू कितीही दाटीनं रचले तरी मधली पोकळी उरतेच, तसं इथंही: गोल नळकांडी जास्तीत जास्त दाटीनं उभी केली तरी सुमारे नऊ टक्के जागा रिकामीच राहते. बॉशनं २०२४ मध्ये ८०० वॉट-तासांची बॅटरी आणली तेव्हा वजन होतं ३.९ किलो, आधीच्या ७५० पेक्षा कमी. भागाकार २०५. नऊ वर्षांनी दोनशेची पायरी ओलांडली. त्याच वर्षी डीजेआय या ड्रोन बनवणाऱ्या चिनी कंपनीनं सायकलीच्या बाजारात पाऊल टाकलं आणि ८०० वॉट-तास साधारण ३.७ किलोत बसवून दाखवले. ड्रोनवाल्यांना ग्रॅमची किंमत सायकलवाल्यांच्या आधी कळली होती, हे ओघानंच आलं.

एवढं सगळं वाचून जग लिथियमवरच चालतं असं वाटेल, तर तसं नाही. चीनमध्ये ई-सायकलींचा जो महापूर आला तो शिशावर. अनेक शहरांनी पेट्रोलच्या मोटारसायकलींवर बंदी घातली आणि पायी-सायकलीनं फिरणाऱ्या कोट्यवधी कामगारांना दुसरा स्वस्त पर्याय उरला नाही. १९९८ मध्ये वर्षाला पन्नास हजारांच्या आसपास असलेली विक्री २००५ पर्यंत एक कोटीवर गेली. ४८ व्होल्टची, १२ अँपिअर-तासांची शिशाची बॅटरी म्हणजे ५७६ वॉट-तास आणि सोळा-सतरा किलो वजन. पण किंमत लिथियमच्या कितीतरी कमी, आणि जुनी झाली की भंगारवाला पैसे देऊन घेऊन जातो. घनतेच्या शर्यतीत हरलेली बॅटरी बाजारात जिंकत होती. अखेर सरकारनं वजनालाच हात घातला. एप्रिल २०१९ पासून लागू झालेल्या मानकानं ई-सायकलचं वजन बॅटरीसकट ५५ किलोंवर आणि वेग ताशी २५ किलोमीटरवर बांधून टाकला. १६ किलोची बॅटरी घालून ५५ मध्ये बसणं अवघड. साहजिकच कारखाने लिथियमकडे वळले. नियमात लिथियमचं नाव घ्यायची गरज पडली नाही.

मग आगी लागू लागल्या. २३ फेब्रुवारी २०२४ रोजी नानजिंगमधल्या एका उंच निवासी इमारतीत तळमजल्यावर उभ्या केलेल्या ई-सायकलींना लागलेल्या आगीत १५ माणसं मेली. सुधारित मानक १ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालं आणि त्यात शिशाच्या बॅटरीच्या वाहनांसाठी वजनाची मर्यादा ६३ किलोपर्यंत सैल करण्यात आली. जड पण निवांत असलेल्या शिशाला सरकारनं पुन्हा दार उघडून दिलं. सहा वर्षांत एवढी माघार क्वचितच कुठल्या नियमानं घेतली असेल.

न्यूयॉर्कची गोष्ट याच जातीची. तिथं घरपोच जेवण पोचवणाऱ्या स्थलांतरित पोरांनी स्वस्तातल्या, कुठल्याही चाचणीविना आलेल्या बॅटऱ्या खोलीत रात्रभर चार्जिंगला लावल्या. २०२३ मध्ये अशा बॅटऱ्यांमुळे शहरात २६८ आगी लागल्या आणि १८ जण दगावले. त्याच वर्षी सप्टेंबरपासून मान्यताप्राप्त चाचणीचा शिक्का नसलेली ई-सायकल आणि बॅटरी विकायला तिथं बंदी आली.

आपल्याकडे हा धडा स्कूटरनं शिकवला. सेल तेच, पेटी मोठी. २६ मार्च २०२२ रोजी पुण्यात लोहगाव भागात रस्त्याकडेला उभी असलेली विजेची स्कूटर धूर सोडत पेटली आणि तो व्हिडिओ देशभर फिरला. त्याच वर्षी वसईत घरात चार्जिंगला लावलेल्या स्कूटरच्या बॅटरीचा स्फोट होऊन भाजलेला सात वर्षांचा मुलगा गेला. केंद्र सरकारनं चौकशी नेमली आणि बॅटरीच्या सुरक्षेचं मानक कडक केलं. त्याचा पहिला टप्पा १ डिसेंबर २०२२ पासून आणि दुसरा ३१ मार्च २०२३ पासून लागू झाला. एक सेल पेटला तरी आग शेजारच्या सेलांत पसरून प्रवाशावर बेतू नये, हा त्याचा गाभा. अशा वाहनांची चाचणी करणाऱ्या देशातल्या मोजक्या संस्थांत पुण्याची एआरएआय आहे. ई-सायकलीचे कारखानेही पुणे परिसरात उभे राहिले आहेत, तेव्हा हा विषय आपल्या दारातलाच म्हणायचा.

इथं एक गोष्ट सुटीसुटी पाहायला हवी. घनता वाढली म्हणून आगी लागल्या, असं म्हणणं अर्धं खरं आहे. जास्त ऊर्जा कमी जागेत कोंबली की बिघाड झाल्यावर जास्त भडका उडणार, हे खरंच. पण बहुतेक वेळा मूळ सेलापेक्षा त्याच्या जोडणीत खोट असते: भंगारातून काढलेले सेल, भलत्याच कंपनीचा चार्जर, स्वस्त बीएमएस, पावसात आत गेलेलं पाणी. महाराष्ट्रातला मे महिना आणि त्यानंतरचा जून या दोघांनाही एकाच पेटीनं तोंड द्यायचं असतं. अशा हवेत किलोमागे शंभर-दीडशे वॉट-तासांवर समाधान मानणारी एलएफपीची बॅटरी पुष्कळदा अधिक समजूतदार निवड ठरते. चार-पाच किलो सायकलीला जड. पण रोज तिसऱ्या मजल्यावर उचलून न्यायची नसेल तर तेवढं चालतं.

पुढचं काय? ऋणाग्राच्या ग्रॅफाइटमध्ये सिलिकॉन मिसळून साडेपाच ते सहा अँपिअर-तासांचे २१७०० सेल आले आहेत. सिलिकॉन ग्रॅफाइटच्या कितीतरी पट लिथियम सामावून घेतं, पण चार्ज होताना फुगून तिपटी-चौपटीनं वाढतं, आणि हे फुगणं-आवळणं सोसत सेल हजार वेळा टिकवणं ही खरी कसोटी आहे. घन इलेक्ट्रोलाइटच्या बॅटऱ्यांच्या घोषणा दर मोसमात होतात. त्या बॅटऱ्यांतल्या पुष्कळ निम-घन असतात आणि पेटीवर मात्र घन असं लिहिलेलं असतं. मोली एनर्जीचीही पुढची कथा सांगण्यासारखी आहे. बुडालेली ती कंपनी आधी जपानी आणि मग तैवानी मालकांच्या हातात गेली, धातुरूप लिथियम सोडून लिथियम-आयनकडे वळली, आणि आज मोलिसेल या नावानं तिचे २१७०० सेल जास्त जोर काढणाऱ्या पॅकांसाठी हौशी लोक मुद्दाम शोधून घेतात.

ई-सायकल घ्यायला निघालात तर दुकानदाराला किती किलोमीटर जाते हे विचारू नका; ते तो सांगेलच. बॅटरी किती वॉट-तासांची आणि नुसत्या बॅटरीचं वजन किती, हे विचारा आणि भागाकार करा. लिथियम म्हणून विकलेल्या पेटीचा आकडा शंभरच्या खाली आला तर आत सेल कमी आणि पत्रा जास्त असण्याची शक्यता धरा. अडीचशेच्या वर आला तर दुकानदाराचा काटा तपासा, कारण ज्यांचा हिशेब वर केला त्या नामांकित कंपन्यांचे पॅकही अजून त्या आकड्याच्या बरेच खाली आहेत. आणि कचेरी घरापासून दहा किलोमीटरवर असेल तर जाऊन-येऊन २०० वॉट-तास लागतात. त्यासाठी ८०० ची बॅटरी घेऊन तिचे जादा किलो रोज वाहून नेण्याचं काही कारण नाही. ४०० ची पुरते, आणि तिचा चार्जर मात्र त्याच कंपनीचा घ्या.